कळण्याची भाकरी आणि खिचडी : आपल्या रात्रीच्या ताटातून डाळ कशी गेली?

मधुमेह किंवा कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट हातात आला की अमळनेरातला पेशंट गोळ्यांआधी एकच प्रश्न विचारतो : "डॉक्टर, मग रात्री काय खाऊ?" दुपारचं तो विचारत नाही, कारण दुपार डब्यावर किंवा शेतात निभते. अडचण रात्रीची असते. घरातली बाई कामावरून दमून आलेली असते, मुलं भुकेजलेली असतात आणि महिनाअखेर डब्यांत जे उरलं असेल त्यावर स्वयंपाक ठरतो. अशा घराच्या हातात ओट्स आणि पनीरचा छापील तक्ता ठेवला, तर तो फ्रिजवर चिकटतो. ताटात येत नाही.

म्हणून आज तक्त्याऐवजी थोडा इतिहास सांगतो. स्वस्त, शाकाहारी आणि पोटभर रात्रीचं जेवण खानदेशाने फार पूर्वी शोधून ठेवलं होतं. ते हातातून निसटलं ते चवीमुळे नाही, भावामुळे. ते कसं निसटलं हे कळलं की परत कसं आणायचं तेही सोपं होतं.

डाळ भाकरीच्या आत होती

जुन्या मराठीत 'कळणा' म्हणजे डाळ भरडताना पडणारी चुरी, कणी. 'कळणा-कोंडा खाऊन दिवस काढले' असं आपण म्हणतो तेव्हा गरिबीच सांगत असतो. खानदेशात हा शब्द भाकरीला चिकटला. ज्वारीत सालासकट काळे उडीद मिसळायचे, चवीला मीठ टाकायचं आणि एकत्र दळून आणायचं. या पिठाची भाकरी म्हणजे कळण्याची भाकरी. प्रमाण घरोघर वेगळं असतं, पण चार वाट्या ज्वारीला एक वाटी उडीद हे बऱ्याच ठिकाणी दिसतं. सोबत ठेचा, कांदा, वांग्याचं भरीत. वरण वेगळं शिजवायची गरजच नाही, कारण डाळ भाकरीतच दळलेली असते.

यातलं शास्त्र साधं आहे. प्रथिनं अमिनो आम्लांची बनतात आणि त्यांतली काही शरीराला स्वतः तयार करता येत नाहीत, ती अन्नातूनच मिळावी लागतात. ज्वारी, गहू, तांदूळ या धान्यांत लायसिन नावाचं अमिनो आम्ल कमी असतं. डाळींत ते भरपूर असतं, पण मिथिओनिन कमी असतं, आणि मिथिओनिन धान्यांत पुरेसं असतं. दोन्ही एकत्र खाल्ली की एकाची उणीव दुसरं भरून काढतं. १०० ग्रॅम ज्वारीत साधारण १० ग्रॅम प्रथिनं, तर उडदात २३ ग्रॅमच्या आसपास. चारास एक मिसळलं तर पिठातली प्रथिनं वाढतातच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे ती शरीराला जास्त चांगली वापरता येतात. शिवाय उडदाच्या सालीचा कोंडा पोटात जातो, पचन सावकाश होतं आणि जेवणानंतरची साखर एकदम उसळत नाही.

ही जोडी शेतातही एकत्रच असायची. खरिपाच्या ज्वारीत उडीद, मूग, तुरीच्या ओळी घालण्याची जुनी पद्धत होती. जे शेतात शेजारी वाढलं ते जात्यात एकत्र पडलं.

खिचडी : परदेशी प्रवाशाने पाहिलेलं रात्रीचं जेवण

आपल्याकडे आजही सगळ्यात जास्त घरांत रात्री काय होतं? खिचडी. हा आजकालच्या घाईचा शोध नाही. सतराव्या शतकात ताव्हेर्निये नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या हिऱ्यांच्या व्यापारासाठी अनेकदा हिंदुस्थानात आला. सुरतेहून बऱ्हाणपूरमार्गे आग्र्याला जाणारा रस्ता खानदेशातून जायचा, त्या रस्त्याने तो गेला. नवापूरच्या तांदळाचं त्याने कौतुक केलं आहे : दाणा लहान, बर्फासारखा पांढरा आणि कस्तुरीसारखा वास. आणि मूग, तांदूळ आणि तूप यांची खिचडी हे इथल्या साध्या माणसांचं संध्याकाळचं जेवण असल्याचंही त्याने नोंदवलं आहे. म्हणजे निदान साडेतीनशे वर्षं तरी ही थाळी रात्रीचीच आहे, आणि इथेही डाळ धान्याच्या आतच आहे.

मात्र 'आपलं पारंपरिक' म्हणताना जरा जपून. ठेच्यातली मिरची, खिचडीवर ओतायच्या तेलातला शेंगदाणा, भाजीतला टोमॅटो आणि बटाटा हे सगळे अमेरिका खंडातून आलेले पाहुणे. मिरची पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात आली. तिच्याआधीचा खानदेशी माणूस तिखटासाठी मिरीवर भागवत असणार, हे आज कोणाला पटणारही नाही.

आणखी एक. जुनं ते सगळं निरोगी होतं असं मी म्हणत नाही. ते पीठ पडण्यासाठी घरातल्या बायका पहाटे उठून जात्यावर बसत होत्या. पिठाच्या गिरणीने त्यांची त्यातून सुटका केली ते फार बरं झालं. आणि डाळ-भाजीशिवाय नुसती ज्वारी खाऊन काय होतं, तेही इतिहासात लिहिलेलं आहे. दख्खनच्या पठारावर, विशेषतः तेलंगणात, ज्वारीवरच जगणाऱ्या गरिबांमध्ये पेलाग्रा नावाचा आजार दिसायचा. मानेभोवती, हातांवर उन्हाने भाजल्यासारखी काळी खरखरीत कातडी, जुलाब, आणि पुढे मनाचा गोंधळ. नायासिन या ब जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा हा आजार. हैदराबादच्या पोषण संशोधन संस्थेतले डॉ. सी. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया यांनी १९६० साली ज्वारीतल्या जास्तीच्या ल्युसिनशी त्याचा संबंध जोडला. त्या कारणमीमांसेवर पुढे वाद झाले, पण एकाच धान्यावर जगू नये हा धडा वादातीत राहिला. आज ज्वारीला 'सुपरफूड' म्हणणाऱ्या रील्स बघताना हे आठवतं. ज्वारी चांगलीच आहे, पण तिला सोबत लागते.

मग डाळ गेली कुठे?

स्वातंत्र्यानंतरची पहिली काळजी पोट भरण्याची होती, आणि ती रास्त होती. १९५६ पासून पीएल-४८० कराराखाली अमेरिकेचा गहू येऊ लागला. १९६४ साली 'सीएसएच-१' ही देशातली पहिली संकरित ज्वारी आली. उत्पन्न वाढलं, पण पावसात सापडलेला तिचा दाणा काळा पडायचा. खेड्यात 'हायब्रीडची भाकर' हे शब्द नाक मुरडूनच उच्चारले जात. त्यानंतर १९७२ चा दुष्काळ. तेव्हा अमेरिकेतून आलेली लाल 'मिलो' ज्वारी महाराष्ट्राने खाल्ली. सत्तरीच्या पुढचे माझे पेशंट मिलोचं नाव काढलं की आजही तोंड वाकडं करतात. तिच्यावर माणसं जगली हेही तेच सांगतात. या सगळ्यात भाकरीची पत घसरली आणि रेशनवर मिळणाऱ्या गव्हाची पोळी घराच्या प्रतिष्ठेची झाली.

डाळींचं मात्र कोणी फारसं पाहिलं नाही. हरितक्रांती गहू-तांदळाची होती. लोकसंख्या वाढली, डाळींचं उत्पादन त्या वेगाने वाढलं नाही, भाव चढत गेले. देशात माणशी रोज किती डाळ उपलब्ध आहे याचा सरकारी हिशोब दरवर्षी निघतो. १९६१ साली तो आकडा सुमारे ६९ ग्रॅम होता. २००० साली सुमारे ३२ ग्रॅम. चाळीस वर्षांत निम्म्याहून कमी! त्यानंतर तो थोडा सावरला, पण जुन्या आकड्याला पोचला नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये आणि भरडधान्य १ रुपया किलोने दिलं. जानेवारी २०२३ पासून ते फुकट आहे. गरीब घरासाठी हा मोठा आधार आहे, त्यात शंका नाही. पण त्या हक्काच्या यादीत डाळ नाही. मग घर काय करणार? फुकट मिळतं ते ताटात वाढतं, विकत घ्यावं लागतं ते आटतं. खिचडीत तांदूळ तीन वाट्या आणि डाळ मूठभर, हे प्रमाण आळसातून आलेलं नाही. भावातून आलं आहे.

शेंगदाणा आणि आपल्या गावची गिरणी

शेंगदाणा आपण सुक्या मेव्यात धरतो, पण वनस्पतिशास्त्राने तोही डाळींच्याच घराण्यातला. मेथीच्या, पोकळ्याच्या पातळ भाजीत खानदेशात दाणे पडतात ते उगीच नाही. मात्र या भागातला बराचसा शेंगदाणा भाजीत न जाता घाण्यात आणि पुढे तेलगिरणीत गेला.

इथे अमळनेरचं नाव जगाच्या इतिहासात येतं. २९ डिसेंबर १९४५ रोजी मोहम्मद हाशम प्रेमजी यांनी 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स' ही कंपनी काढली आणि तिचा कारखाना आपल्या गावात उभा राहिला. त्याच नावाच्या आद्याक्षरांतून पुढे 'विप्रो' झालं. कारखान्यात शेंगदाण्यासारख्या तेलापासून वनस्पती तूप बनायचं. तेलातून निकेलच्या सान्निध्यात हायड्रोजन सोडला की पातळ तेल थिजतं, लवकर खवट होत नाही आणि दिसायला तुपासारखं होतं. ज्या घराला साजूक तूप परवडत नव्हतं, त्याच्या पोळीवर, शिऱ्यात, सणाच्या लाडवांत ते आलं. १९३७ पासून बाजारात असलेल्या डालड्याचं नाव तर अशा सगळ्याच तुपांना पडलं होतं.

या प्रक्रियेत ट्रान्स फॅट तयार होतात. ते अपायकारक आहेत हे तेव्हा जगात कोणालाच नीट ठाऊक नव्हतं, त्यामुळे त्या काळच्या उद्योगाला आज बोल लावण्यात अर्थ नाही. १९९० साली मेन्सिंक आणि कटान या डच संशोधकांनी दाखवलं की ट्रान्स फॅटमुळे वाईट कोलेस्टेरॉल वाढतं आणि चांगलं कमी होतं. त्यानंतर देशोदेशी निर्बंध आले. भारतात जानेवारी २०२२ पासून खाद्यतेलांत आणि चरबीयुक्त पदार्थांत ट्रान्स फॅट २ टक्क्यांपेक्षा जास्त असता येत नाही. म्हणजे आज पॅकबंद डबा पूर्वीपेक्षा बरा आहे. पण गाडीवरच्या कढईत पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलाचं काय होतं, ते लेबलवर लिहिलेलं नसतं.

आज रात्री

आता पेशंटच्या प्रश्नाकडे वळू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनात २००० उष्मांकांच्या आहारात दिवसाला साधारण २५० ग्रॅम धान्य आणि ८५ ग्रॅम डाळी-कडधान्य सुचवलं आहे. म्हणजे तीनास एक. कळण्याच्या पिठाच्या हे किती जवळ आहे बघा.

घरात खिचडीच होणार असेल तर होऊ द्या, प्रमाण बदला. चार माणसांना दीड वाटी तांदूळ असेल तर दीड वाटी डाळ घ्या. सालाची मूगडाळ तुरीपेक्षा स्वस्त मिळत असेल त्या महिन्यात ती घ्या. त्यात दोन-तीन वाट्या भाजी टाका : गिलके, भोपळा, पालक, जे मंगळवारच्या किंवा सोमवारच्या बाजारात स्वस्त असेल ते. दोन मुठी दाणे. तांदूळ निम्म्यावर आल्यामुळे डाळीचा खर्च पूर्ण नाही तरी बराचसा भरून निघतो, आणि पोट जास्त वेळ भरलेलं राहिल्याने रात्री दहाला फरसाणाचा डबा उघडत नाही. तो खर्च हिशोबात कोणी धरत नाही.

खिचडीवर लसणीचं तेल आम्हा खानदेशी माणसांना हवंच. मी ते बंद करायला सांगत नाही. पण ओतू नका, चहाच्या चमच्याने मोजून घ्या, माणशी एक. त्याच मार्गदर्शनात तेल-तूप मिळून दिवसाला माणशी २७ ग्रॅम आहे; चार जणांच्या घरात महिन्याला सव्वातीन किलो. पाच किलोचा डबा महिनाभर पुरतो की त्याआधीच संपतो, हे प्रत्येकाला आपापलं माहीत असतं. पापड-लोणच्यातलं मीठ बीपीवाल्यांनी धरायला विसरू नये.

आठवड्यातून दोन-तीनदा कळण्याची भाकरी जमवा. दोन किलो ज्वारी, अर्धा किलो सालाचे उडीद, चमचाभर मेथी. गिरणीत नेताना आधी गव्हाचं दळण झालं आहे का ते विचारा म्हणजे पीठ मिसळणार नाही. एकावेळी थोडंच दळा, हे पीठ जुनं झालं की कडवट लागतं आणि भाकरी थापताना तुटते. आता ज्वारी गव्हापेक्षा महाग असते हे खरं आहे. ज्यांच्याकडे रेशनचा गहू येतो त्यांनी गव्हातच पाच किलोमागे एक किलो हरभरा किंवा उडीद दळून घ्यावेत. चव वेगळी येईल, काम तेच होईल. मधुमेह असेल तर भाकरीही मोजूनच : मध्यम आकाराच्या दोन, आणि ताटाचा अर्धा भाग भाजी-कोशिंबिरीचा.

ज्यांना किडनीचा विकार आहे त्यांनी डाळ वाढवण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारावं, कारण त्यांचं प्रथिनांचं प्रमाण रिपोर्टवरून ठरतं. आणि जे इन्सुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या गोळ्या घेतात, त्यांनी तांदूळ एकदम निम्मा केल्यावर पहिला आठवडाभर रात्रीची आणि सकाळची साखर घरच्या मशीनवर तपासावी. दरदरून घाम, थरथर, डोकं हलकं वाटणं यांपैकी काही झालं तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून घ्यावी, पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा तपासावी आणि डोस कमी करायचा का ते दुसऱ्या दिवशी येऊन विचारावं.