निळी ढाल आणि सोनेरी पट्टा

इंग्लंडांतील आडनांवांचा शोध घेतां त्यांपैकीं पुष्कळांच्या मुळाशीं एखादें गांव, एखादा धंदा अथवा बापाचें नांव सांपडतें. 'ग्रोव्हनर' हें आडनांव धंद्यावरून पडलेलें आहे. जुन्या फ्रेंच भाषेंतील 'ग्रो व्हनर' म्हणजे मोठा शिकारी, शिकारखान्यावरील मुख्य अंमलदार, असा त्याचा अर्थ बहुधा लावतात. तथापि 'ग्रो' याचा 'लठ्ठ' असाही अर्थ असल्यामुळें एखाद्या स्थूल शिकाऱ्याचें तें टोपणनांवही असूं शकेल. आपल्याकडील फडणीस, चिटणीस या नांवांचा इतिहास जाणणाऱ्या वाचकांस यांत नवल वाटणार नाहीं. आपला मूळपुरुष १०६६ सालीं विल्यम राजाबरोबर नॉर्मंडीहून आला, असें हें घराणें अभिमानानें सांगत असे. त्यास निर्विवाद पुरावा मात्र मिळत नाहीं.

या अभिमानाची कसोटी १३८५ सालीं लागली. दुसऱ्या रिचर्ड राजानें स्कॉटलंडवर स्वारी केली, तेव्हां फौजेंत चेशरचा सर रॉबर्ट ग्रोव्हनर होता, तसाच यॉर्कशरचा सर रिचर्ड स्क्रूपही होता. दोघांच्याही ढाली निळ्या, आणि दोन्हींवर वरून तिरपा उतरणारा एकच सोनेरी पट्टा! शिरस्त्राणानें चेहरा झांकला कीं ढालच वीराची ओळख पटवी. शिवाय कुलचिन्ह ही वंशपरंपरेची मिळकत मानली जाई. स्क्रूपनें लष्करी न्यायसभेपुढें फिर्याद मांडली.

खटला पांच वर्षें चालला आणि शेंकडों साक्षी झाल्या. स्क्रूपच्या बाजूनें राजाचा चुलता जॉन ऑफ गाँट बोलला. मठांतील खिडक्यांवर, थडग्यांवर व धर्मवस्त्रांवर हें चिन्ह असल्याचें धर्मगुरूंनीं सांगितलें. १३८६ च्या ऑक्टोबरांत कवि जेफ्री चॉसर साक्षीस आला. १३५९ च्या सुमाराच्या फ्रान्समधील मोहिमेंत स्क्रूपांस हेंच चिन्ह वागवितांना आपण पाहिलें, असें त्यानें सांगितलें. पुढें लंडनच्या फ्रायडे स्ट्रीटमधून जात असतां एका घराबाहेर तीच ढाल टांगलेली दिसली. स्क्रूपची ढाल येथें कोणी लावली, असें विचारतां ती ग्रोव्हनर नांवाच्या चेशरच्या सरदाराची असल्याचें कळलें. तोंपर्यंत हें नांव आपल्या कानींही नव्हतें, अशी त्याची जबानी आहे.

येथें आम्हांस थोडें थांबावेंसें वाटतें. लंडनकरांनीं एखादें नांव ऐकलें नाहीं, एवढ्यावरून तें खोटें ठरत नाहीं. चेशरच्या साक्षीदारांनींही ग्रोव्हनरांच्या ढालीविषयीं तितक्याच खात्रीनें सांगितलें होतें. चिन्हांची व्यवस्था पाहणारें कॉलेज ऑफ आर्म्स १४८४ सालीं निघालें. त्यापूर्वीं दूरच्या दोन प्रांतांतील कुळांनीं एकच सोपें चिन्ह उचललें, तर त्यांस परस्परांचा पत्ताही लागत नसे. दोन्ही पक्ष प्रामाणिक होते, हें आम्हांस अधिक संभवनीय वाटतें. स्क्रूपच्या साक्षीदारांचें वजन मात्र मोठें होतें.

१३८९ सालीं न्यायसभेनें चिन्ह स्क्रूपला दिलें. ग्रोव्हनरनें पांढरा कांठ जोडून तें वापरावें, अशी मुभा ठेविली. पण असा कांठ रक्ताच्या नातलगास शोभतो, परक्यास नव्हे, असें म्हणून राजानें १३९० सालीं तीही काढून घेतली. तेव्हां ग्रोव्हनरांनीं निळ्या ढालीवर सोनेरी गव्हाची पेंढी घेतली. ती चेस्टरच्या अर्लांच्या चिन्हांतली होती.

पुढें १६७७ सालीं सर टॉमस ग्रोव्हनर यानें मेरी डेव्हिस हिच्याशीं विवाह केला. तिच्या माहेरच्या जमिनीवर लंडनचे मेफेअर व बेल्ग्रेव्हिया हे भाग वसले, आणि १८७४ सालीं घराण्यास वेस्टमिन्स्टरची ड्यूक ही पदवी मिळाली. एवढ्या वैभवांतही जुनी हार विसरली गेली नाहीं. पहिल्या ड्यूकाच्या ज्या घोड्यानें १८८० ची डर्बी जिंकली, त्याचें नांव होतें 'बेंड ऑर', म्हणजे सोनेरी पट्टा. ड्यूकाच्या नातवासही घरीं 'बेंडॉर' म्हणूं लागले, आणि दुसरा ड्यूक होऊन १९५३ सालीं वारेपर्यंत तो त्याच नांवानें ओळखला गेला. घराण्याच्या ढालीवर गव्हाची पेंढी आजही आहे. परंतु पांचशें वर्षांपूर्वीं गमावलेला पट्टा त्या कुळानें असा नातवाच्या नांवांत सांभाळला.