होळकरांची ड्युसेनबर्ग

ठाणें व कल्याण येथील मंडळींस मुंबई-आग्रा रस्ता परिचयाचा आहे. नाशिक, धुळें मागें टाकून तो पुढें होळकरांच्या इंदुरास जातो. त्या गादीच्या शेवटच्या राज्यकर्त्याच्या एका अमेरिकन मोटारीचें नांव जुन्या गाड्यांच्या दर्दी लोकांत अद्याप निघतें.

दुसरे यशवंतराव होळकर १९२६ सालीं गादीवर आले. ऑक्सफर्ड येथें शिकलेल्या या राजास नव्या घडणीच्या वस्तूंची विलक्षण हौस. माणिकबाग हा महाल त्यांनीं एकार्ट मुथेसियस या जर्मन स्थापत्यविशारदाकडून बांधविला. १९३५-३६ च्या सुमारास तयार झालेली त्यांची ड्युसेनबर्ग त्याच हौसेपोटीं आली.

ड्युसेनबर्ग बंधु मूळचे जर्मनीचे. कारखाना अमेरिकेंत, इंडियानापोलिस येथें. १९२१ सालीं त्यांच्या गाडीनें फ्रान्सची ग्रां-प्री शर्यत जिंकली. १९२८ च्या डिसेंबरांत त्यांचें ‘जे’ मॉडेल लोकांपुढें आलें. एका ओळींत आठ सिलिंडर, प्रत्येकास चार व्हॉल्व्ह, आणि शक्ति २६५ अश्वांची! दाबानें हवा भरणारा सुपरचार्जर जोडला कीं ती ३२० वर जाई. एंजिनासह नुसत्या सांगाड्याची किंमत प्रारंभीं साडेआठ हजार डॉलर होती. फोर्डची साधी मोटार तेव्हां पांचशेंच्या आसपास मिळे. वरचा साज गिऱ्हाइकानें स्वतंत्रपणें करवून घ्यावा, अशी रीत. होळकरांनीं तें काम लंडनच्या गर्नी नटिंग यांजकडे दिलें. गाडी लांबलचक, पण मुख्य बैठक दोघांपुरतीच. रंग नारिंगी व काळा. राजघराण्यांतील मंडळी आंत असल्याचें पोलिसांस कळावें म्हणून पुढें तांबडे व निळे दिवे होते, असें सांगतात.

माळव्याच्या काळ्या मातींतून येणारा शेतसारा हा संस्थानच्या उत्पन्नाचा मोठा आधार. कारागिरीचें कौतुक अवश्य करावें; परंतु असल्या हौसेचा भार अखेरीस कोणाच्या शिरावर पडला, हें विचारल्यावांचून तें कौतुक अपुरेंच.

मंदीच्या तडाख्यांत सांपडलेला कारखाना १९३७ सालीं बंद पडला. १९४८ मध्यें इंदूर संस्थान मध्यभारतांत विलीन झालें. १९६१ सालीं यशवंतराव निवर्तले. गाडी पुढें अमेरिकेस परत गेली व तेथील संग्राहकांच्या हातीं लखलखीत झाली. रंग व क्रोम पूर्ववत् करतां येतात. त्या दिव्यांकडे पाहून रस्ता मोकळा करणारे शिपाई मात्र इंदुरांतच राहिले. माणिकबागेंतील सामानहि १९८० सालीं मोंटे कार्लो येथें लिलांवांत विकलें गेलें, आणि त्या महालांत सरकारी करखात्याची कचेरी भरूं लागली.