पाळणाघर कुणाच्या सोयीचे?

घरातली सगळी माणसे कामावर गेली की कुत्र्याने दिवसभर काय करायचे, या प्रश्नातून पुण्या-मुंबईत प्राण्यांची पाळणाघरे निघाली. एखादा बंगला किंवा गाळा भाड्याने घ्यायचा, भिंतींवर पंज्यांचे ठसे रंगवायचे, की झाली सुरुवात. ते ठसे अर्थातच मालकांसाठी असतात. प्राण्याला त्या जागेत काय जाणवते, याचा शोध वास्तुकला, पशुवैद्यक आणि प्राणिवर्तनशास्त्र मिळून घेत आहेत.

प्राण्यांसाठी जागा उभारणे मुंबईला नवे नाही. भटकी कुत्री मारण्यावरून १८३२ साली इथे दंगल झाली आणि दोनच वर्षांनी सर जमशेटजी जीजीभॉय व अमीचंद शहा यांनी पांजरपोळची स्थापना केली. तिथे जीव वाचवणे हाच हेतू होता. वाचलेला जीव सुखात आहे का, हा पुढचा प्रश्न, आणि त्याला शास्त्रीय बैठक देणाऱ्यांत हाइनी हेडिगर हे स्विस प्राणिशास्त्रज्ञ अग्रणी. बर्न, बासेल आणि झुरिकची प्राणिसंग्रहालये त्यांनी सांभाळली. पिंजरा किती मोठा, यापेक्षा त्यात प्राण्याला काय करता येते हे ते आधी पाहत. परका किती जवळ आला की प्राणी पळ काढतो, ते अंतरही त्यांनी अभ्यासाचा विषय केले.

पाळणाघराचा आराखडा मी याच कसोटीवर तपासतो: घाबरलेल्याला मागे सरकायला वाट आहे का? एका नजरेत सगळे दिसणारे मोकळे दालन देखरेखीला बरे, पण बुजऱ्या कुत्र्याला तिथे आडच नाही. त्याला अर्ध्या उंचीचे आडोसे हवेत, आणि त्यांना दोन्ही बाजूंनी वाट हवी. नाहीतर आडोशाचाच सापळा होतो. मांजरांचे तर विचारूच नका. नेदरलँड्समधल्या एका निवाऱ्यात नव्या मांजरांना लपायला खोकी दिली, तर त्यांचा ताण खोके नसलेल्यांपेक्षा लवकर उतरला. हा अभ्यास २०१४ सालचा. इतका स्वस्त उपाय वास्तुविशारदाला सहसा सुचत नाही!

खरी ओढाताण स्वच्छता आणि आवाज यांत आहे. पार्वोचा विषाणू जमिनीवर महिनोन्‌महिने टिकतो, म्हणून धुता येईल असा टणक, बिनभेगांचा पृष्ठभाग लागतो. पण टणक पृष्ठभाग आवाज परतवतो, आणि कुत्र्यांच्या निवाऱ्यांत भुंकण्याची पातळी शंभर डेसिबलच्या वर गेल्याची मोजमापे आहेत. आपल्यापेक्षा कितीतरी तीव्र कानांना हे दिवसभर सोसायचे असते. तेव्हा आवाज शोषणारे साहित्य छताला लावावे. तिथे ना पंजा पोचतो, ना फिनेलचे पाणी. जमिनीला चकचकीत टाइल नको, म्हाताऱ्या कुत्र्याचे मागचे पाय तिच्यावर फाकतात. बिनपॉलिशचा कोटा बरा. त्याला उतारही हवा, कारण पावसाळ्यात साचलेले पाणी आणि उंदीर एकत्र आले की लेप्टोचे भय.

रंगांवर फार डोके खपवू नये. कुत्र्याला निळा आणि पिवळा नीट कळतो, लाल-हिरव्यातला फरक फारसा नाही.

दाराची हयगय मात्र चालणार नाही. सकाळी सोडायला येणाऱ्यांची गर्दी असते तेव्हाच कुत्री निसटतात आणि एकमेकांवर धावतातही. एक बंद झाल्याशिवाय दुसरे उघडायचे नाही, अशी दोन दारे एकामागे एक हवीत. भाड्याच्या गाळ्यात बांधकामाला परवानगी नसेल, तर जाळीची दोन फाटके बसवूनही काम भागते. मात्र कडी माणसाच्या छातीच्या उंचीवर असावी.