साख, पत आणि पाच तारे

भिलाई-दुर्गकडे गावोगावी ‘साख सहकारी समिती’चे फलक दिसतात. गाडीने डोंगरगड मागे टाकून गोंदियात उतरलं, की तशाच संस्थेच्या दारावर ‘पतसंस्था’ लिहिलेलं असतं. व्यवहारातल्या विश्वासाला हिंदी आणि मराठी या दोन भाषांनी दोन नावं दिली.

‘साख’ आली संस्कृत ‘साक्ष्य’वरून. साक्षी म्हणजे प्रत्यक्ष पाहणारा. पाणिनीनेही हाच अर्थ नोंदवला आहे. ‘पत’ हा शब्द ‘प्रत्यया’शी जोडतात, हिंदीतलं ‘पतियाना’, म्हणजे विश्वास ठेवणं, त्याच कुळातलं. एकात डोळ्यांनी पाहणं, दुसऱ्यात अनुभव येणं. ‘अब्रू’ मात्र फारसी, आब म्हणजे पाणी, तेज आणि रू म्हणजे चेहरा. अब्रू चेहऱ्यावरची, तर साख आणि पत दुसऱ्याच्या अनुभवावर उभी. व्यापाराला ही दुसरी जात लागते.

आता भिलाईच्या सुपेल्यातलं कापड दुकान असो की सिव्हिक सेंटरजवळचा कोचिंग क्लास, गिऱ्हाईक आधी मोबाइलवर तारे पाहतं. मग तारे विकणारेही निघतात: अमुक पैशांत अमुक अभिप्राय. जो दुकानाची पायरी चढला नाही तो ‘उत्तम सेवा’ लिहितो, आणि तसाच कुणी वैरापोटी एक तारा देतो. ‘साख’ शब्दाच्या मुळाकडे पाहिलं तर दोघेही खोटे साक्षीदार. ‘अभिप्राय’ या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थच मनातला हेतू. मराठीत तो ‘मत’ झाला. विकतच्या मतांमध्ये तो जुना हेतू उघडा पडतो.

भिलाईला साक्षीचा खरा अर्थ शिकवायला नको. १९५९ साली इथल्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी पेटली. इथून निघणाऱ्या रुळाच्या उभ्या बाजूवर कारखान्याची खूण, महिना आणि साल उठावदार अक्षरांत उमटलेलं असतं. उद्या रूळ तडकला तर कुणाला विचारायचं, हे रूळच सांगतो. सळईचं मानक ठरवणाऱ्या भारतीय मानक ब्यूरोनेच २०२२ साली ऑनलाइन अभिप्रायांसाठीही मानक काढलं, आयएस १९०००. लिहिणारा खरा आहे का हे तपासावं, विकत घेतलेले अभिप्राय छापू नयेत, असं ते सांगतं. ते ऐच्छिक आहे, ही त्याची मोठी उणीव. सक्तीचं व्हायला हवं.

दुकानदाराने टीका पुसायच्या मागे लागू नये. बिलाची तारीख विचारावी, चूक असेल तर सर्वांसमोर कबूल करून माल बदलून द्यावा. ते उत्तर पुढचं गिऱ्हाईक वाचतं, आणि पत तिथे वाढते.

आणि आपण गिऱ्हाइकांनी? काय घेतलं, कधी घेतलं, कसं निघालं, एवढं लिहा. ज्या दुकानात गेला नाहीत, त्याच्याविषयी मित्राने कितीही गळ घातली तरी एकही तारा देऊ नका.