‘एकच प्याला’ : दारूबंदीच्या नाटकापलीकडची शोकांतिका

राम गणेश गडकरी यांचं ‘एकच प्याला’ हे पाच अंकी संगीत नाटक मराठी रंगभूमीवरच्या सर्वात गाजलेल्या शोकांतिकांपैकी एक आहे. गडकऱ्यांचा जन्म १८८५ साली, तेव्हाच्या बडोदा संस्थानातल्या नवसारीचा. २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेर इथे त्यांचं निधन झालं. महिनाभरातच, फेब्रुवारीत, गंधर्व नाटक मंडळीने बडोद्यात या नाटकाचा पहिला प्रयोग केला. लेखकाला तो बघायला मिळाला नाही. बालगंधर्व सिंधू झाले होते आणि गणपतराव बोडस सुधाकर.

‘दारू वाईट’ एवढंच सांगणारं नाटक म्हणून अनेकजण त्याला ओळखतात. पण तेवढंच असतं, तर ते शंभर वर्षं टिकलं नसतं. प्रेक्षकाला ते धरून ठेवतं ते त्याच्या रचनेमुळे.

नायकाचा दोष

शोकांतिकेचा नायक दुर्जन नसतो. तो मोठा असतो आणि त्याच्यातला एखादा दोषच त्याला खाली ओढतो. सुधाकर हुशार, तडफदार वकील आहे, पण भलताच मानी. कोर्टात खटका उडतो, सनद काही काळापुरती जाते आणि अपमान सहन न झाल्याने तो पहिला प्याला घेतो. पुढे पश्चात्ताप होऊन तो दारू सोडतो, काम शोधायला जुन्या ओळखीच्या लोकांकडे जातो. तिथेही अपमानच पदरी पडतो आणि तो पुन्हा प्याल्याकडे वळतो. एकच प्रसंग दोनदा आणून गडकरी दाखवतात की मूळ दुखणं मानाचं आहे, दारू नंतर आली.

शीर्षकाचा खेळ

‘एकच प्याला’ हे शब्द नाटकात अर्थ बदलत जातात. सुरुवातीला ती सहज केलेली गळ असते : एकानं काय होतंय! मग ती व्यसनी माणसाची सबब होते. शेवटी सुधाकर विषाचा प्याला घेतो, तेव्हा मात्र तो खरोखरच एकच आणि अखेरचा असतो. शब्द तेच राहतात आणि अर्थ पार उलटा होतो, याला नाट्यगत उपरोध म्हणतात. प्रेक्षकाला हा शेवट आधीपासून दिसत असतो, पात्राला दिसत नाही. घालमेल होते ती त्यामुळेच.

हसवून अडकवणं

तळीराम आणि त्याचं ‘आर्य मदिरा मंडळ’ हा निव्वळ विनोदी विरंगुळा नाही. सुधाकराच्या हातात प्याला देणारा तळीरामच आहे आणि नाटकातले सगळ्यात मोठे हशेही त्याच्याच वाट्याला येतात. म्हणजे जो घर बुडवतो, त्याच्यावरच प्रेक्षक खूश असतो. पुढे सिंधूच्या घरात अन्नाची ददात पडते, तेव्हा आधीचं ते हसू बोचायला लागतं.

समांतर पात्रं

भगीरथही दारूच्या नादी लागलेला, पण तो त्यातून बाहेर पडतो. त्यामुळे सुटका अशक्य नव्हती हे कळतं आणि सुधाकराची जबाबदारी नशिबावर ढकलता येत नाही. तळीरामाची बायको गीता नवऱ्याला तोडीस तोड उत्तर देते, सिंधू मात्र सगळं सोसते. आजच्या प्रेक्षकाला हे सोसणं खटकतं. सुधाकराच्या माराने मूल दगावल्यावर आणि स्वतः मरणाच्या दारात असतानाही ती नवऱ्याला वाचवायला खोटं बोलते. तिचा पातिव्रत्याचा आदर्श इथे गुन्हा झाकायला वापरला जातो. गडकऱ्यांना तसं म्हणायचं होतं की नाही, हा वाद वेगळा. प्रसंगात तो ताण आहेच.

पदं आणि लुगडं

नाटकाचं गद्य गडकऱ्यांचं, पदं मात्र विठ्ठल सीताराम गुर्जर यांची. दळताना, मुलाला जोजवताना सिंधू गाते. त्यामुळे घरात काय उरलं आणि काय गेलं, हे संवादाशिवाय कळतं. भरजरी शालूंसाठी नावाजलेले बालगंधर्व या भूमिकेत ठिगळाचं लुगडं नेसून उभे राहत. वेशभूषाच निम्मं बोलून जायची.

आजही ३१ डिसेंबर आला की ‘तळीरामांवर कारवाई’ अशा बातम्या येतात. शब्द विनोदाने वापरला जातो, पण त्या नाटकात तळीरामाच्या मागोमाग सुधाकर, सिंधू आणि त्यांचं मूलही होतं.