रेशमाचा डिंक

दुष्काळी म्हणून हिणवला गेलेला बीड जिल्हा आज रेशीम शेतीत राज्यात आघाडीवर आहे. चौथी कात टाकली की अळी तुतीचा पाला अधाशासारखा फस्त करते आणि आठ-दहा दिवसांत चंद्रिकेवर, म्हणजे कोष विणायच्या चौकटीवर, पांढरे कोष लागतात. शेतकरी कोष किलोवर विकतो. व्यापारी तो दाबून बघतो, धागा किती निघेल याचा अंदाज घेतो. त्या धाग्यावरच्या डिंकाची विचारपूस कुणी करत नाही.

हा डिंक म्हणजे सेरिसिन. अळीच्या तोंडातून फायब्रॉइनचे दोन तंतू निघतात, त्यांना सेरिसिन एकत्र चिकटवतं. कच्च्या रेशमात त्याचं वजन साधारण पाव हिस्सा भरतं. तो राहिला तर सूत राठ लागतं, चमक येत नाही. म्हणून येवल्यात पैठणीचं रेशीम पापडखाराच्या गरम पाण्यातून काढायची रीत. कारखान्यांत साबण आणि सोडा. पाणी गटारात.

याच डिंकातून 1865 मध्ये एमिल क्रेमर यांनी सेरीन हे अमिनो आम्ल वेगळं काढलं. पण तो पेशींच्या कामाचा आहे, हे कळायला पुढे सव्वाशेहून अधिक वर्षं गेली. 1998 मध्ये जपानच्या नोरिहिसा कातो आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की सेरिसिन मेदाचं ऑक्सिडीकरण रोखतं. साध्या भाषेत, तेल खवट होतं तीच क्रिया. 2008 मध्ये खरगपूरच्या आयआयटीत त्वचेच्या पेशींना आधी सेरिसिन दिलं, मग त्यांच्यावर हायड्रोजन पेरॉक्साइडचा मारा केला. पेशी बऱ्याच अंशी तगल्या. हे सेरिसिन मात्र टसरचं होतं. ती अळी ऐन-अर्जुनावर वाढते, आपल्याकडे गडचिरोली-भंडाऱ्यात.

या संरक्षणाची कारणं दोन सांगतात. सेरिसिन लोह-तांब्याचे आयन धरून ठेवतं, त्यामुळे विध्वंसक मुक्त मूलकं कमी तयार होतात. दुसरं कारण मला जास्त आवडतं: तुतीच्या पानातली फ्लॅव्होनॉइडं अळीच्या अंगातून कोषात उतरतात, विशेषतः रंगीत कोषांच्या जातींत. म्हणजे थोडं श्रेय पाल्याचंही.

अर्थात हे सगळं प्रयोगशाळेच्या ताटलीतलं. तेवढ्यावर रेशमी साबणाने म्हातारपण लांबतं म्हणणं ही निव्वळ जाहिरातबाजी. आणि सोड्याच्या सांडपाण्यातून सेरिसिन शुद्ध काढणं खर्चिकच. प्रयोगशाळेत त्यापेक्षा कोष कापून दाबाखाली नुसत्या पाण्यात उकळतात. त्याला अखंड धाग्याची गरज नसते; कापलेला किंवा भोक पडलेला, बाजारात मातीमोल जाणारा कोषही चालतो.