बिघाड कार्डात की अर्थिंगमध्ये?

सीएनसी लेथ मधूनच थांबते. पडद्यावर लिमिट स्विच लागल्याची सूचना झळकते. प्रत्यक्षात स्लाइड त्या स्विचपासून बरीच दूर असते. यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले की काम सुरळीत चालते आणि तासाभराने तोच प्रकार घडतो. अशा वेळी कंट्रोलरचे कार्ड बदलण्याचा खर्चिक मार्ग पत्करला जातो. मात्र दोष तारांच्या मांडणीत वा अर्थिंगमध्ये असेल, तर नवे कार्डही तसेच वागते.

स्पिंडल मोटरचा वेग बदलणारी ड्राइव्ह विजेचा प्रवाह सेकंदाला हजारो वेळा जोडते व तोडते. कॉन्टॅक्टरची कॉइल बंद होतानाही क्षणभर मोठा विद्युतदाब निर्माण होतो. हे धक्के शेजारच्या तारांत उमटतात. त्यांनाच ‘नॉइज’ म्हणतात. मोटरची केबल ४१५ व्होल्टची, लिमिट स्विचचा संदेश २४ व्होल्टचा, तर एन्कोडरचा बहुधा ५ व्होल्टचा. या साऱ्या तारा एकत्र बांधल्यास कंट्रोलरची दिशाभूल होणे स्वाभाविक आहे.

शोध कसा घ्यावा?

बिघाड केव्हा होतो, याची नोंद प्रथम ठेवावी. स्पिंडल सुरू होताना, कूलंट पंप बंद होताना, की शेजारी वेल्डिंग चालू असताना? स्पिंडल बंद ठेवून केवळ अक्ष चालवून पाहावेत. दोष नाहीसा झाल्यास संशय स्पिंडल ड्राइव्हकडे वळतो. नंतर मुख्य पुरवठा बंद करावा, ड्राइव्हवर नमूद केलेला वेळ थांबावे आणि मगच जाणकार इलेक्ट्रिशियनकडून पॅनेलमधील अर्थचे बोल्ट तपासून घ्यावेत. सैल बोल्ट, गंज किंवा टर्मिनलखालचा रंग हे नेहमीचे अपराधी होत.

उपाय कोणते?

मोटरच्या व संदेशाच्या तारा वेगवेगळ्या मार्गांनी न्याव्यात. ओलांडणे अटळ असेल तर काटकोनात ओलांडाव्यात. पॅनेलमधील सर्व अर्थ तारा एकाच तांब्याच्या पट्टीवर आणाव्यात. ड्राइव्हच्या मोटर केबलची शील्ड दोन्ही टोकांना रुंद क्लॅम्पने जोडावी. वेगाचा ० ते १० व्होल्टचा संदेश नेणाऱ्या केबलची शील्ड मात्र सहसा कंट्रोलरच्या टोकालाच जोडतात. उत्पादकाची पुस्तिका येथे प्रमाण मानावी. डीसी कॉइलवर डायोड व एसी कॉइलवर आरसी सप्रेसर बसवावा.

घातक गैरसमज

नॉइज घालविण्यासाठी यंत्राची अर्थ तार तोडणे किंवा कंट्रोलरसाठी जमिनीत स्वतंत्र अर्थ पुरून ती मुख्य अर्थिंगला न जोडणे, हे प्रकार जिवावर बेतू शकतात. मातीतून जाणाऱ्या मार्गाचा रोध १० ओहम असेल, तर २३० व्होल्टला केवळ २३ अँपिअर प्रवाह वाहतो. तेवढ्याने ३२ अँपिअरचा एमसीबी ट्रिप होत नाही आणि यंत्राच्या सांगाड्यात वीज तशीच खेळत राहते. यंत्र थांबले तर काम खोळंबते. अर्थ तोडली तर यंत्राला हात लावणाऱ्या कामगाराचा जीव टांगणीला लागतो.